नागपूर मेट्रोने रोजची ये-जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वासुदेव नगरला चढतो, बर्डीला (म्हणजे सीताबर्डी स्टेशनवर) गाडी बदलतो आणि कडबी चौकात उतरतो. २०२२ च्या डिसेंबरात कामठी रोडचा भाग सुरू झाला तेव्हापासून माझा हाच रस्ता आहे. त्यामुळे ऑफिसात, सोसायटीत, परवा तर लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्यानेसुद्धा मेट्रोबद्दल विचारलं. नंतर नंतर लोक प्रश्न लिहूनच पाठवू लागले. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागपूरची मेट्रो नेमकी कुठून कुठे जाते?

दोन मार्ग आहेत. ऑरेंज लाईन उत्तर-दक्षिण जाते: कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकातून इंदोरा, गड्डीगोदाम, कस्तुरचंद पार्क, बर्डी आणि तिथून वर्धा रोडने खापरीपर्यंत. अ‍ॅक्वा लाईन पूर्व-पश्चिम जाते: पारडीकडच्या प्रजापती नगरातून सेंट्रल अव्हेन्यूने रेल्वे स्टेशन, बर्डी, शंकर नगर, सुभाष नगर आणि शेवटी हिंगणा रोडवर लोकमान्य नगर. दोन्ही मिळून साधारण ३८ किलोमीटर. भुयार कुठेच नाही. सगळा मार्ग खांबांवरून जातो, फक्त एअरपोर्ट साऊथपासून खापरीपर्यंत गाडी जमिनीवरून धावते.

हे सगळं एका दिवसात झालं नाही. खापरी ते बर्डी ७ मार्च २०१९ ला, लोकमान्य नगर ते बर्डी २८ जानेवारी २०२० ला, बर्डी ते कस्तुरचंद पार्क २० ऑगस्ट २०२१ ला आणि उरलेले दोन्ही हात ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाले. म्हणून कोणी 'मेट्रो काही कामाची नाही' म्हणालं की मी आधी विचारतो, 'शेवटचे कधी बसला होता?' अनेकांचं मत २०१९ सालचं असतं. तेव्हा लोक मुलांना फिरवायला म्हणून बसत आणि खापरीला उतरून त्याच गाडीने परत येत.

२. बर्डीला लाईन बदलायची असेल तर दुसरं तिकीट काढावं लागतं काय?

नाही. एकच तिकीट शेवटपर्यंत चालतं. बर्डी हे दोन्ही मार्गांचं एकमेव जोडस्थानक आहे. गाडीतून उतरून पाट्यांप्रमाणे दुसऱ्या लाईनच्या फलाटावर जायचं, गेटमधून बाहेर पडायचं नाही. नवे लोक नेमकी इथेच चूक करतात. गर्दीच्या रेट्यात गेटपर्यंत जातात, तिकीट दाखवून बाहेर पडतात आणि मग नव्याने तिकिटाच्या रांगेत उभे राहतात.

तिकीट खिडकीवर, मशीनवर, मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरही काढता येतं. कागदी तिकिटावर क्यूआर कोड असतो आणि तो उतरतानाही लागतो. घडी घालून पाकिटात ठेवा. चुरगळून खिशात कोंबलं की गेट ते वाचत नाही, आणि मागची रांग तुमच्याकडे बघत राहते.

३. महाकार्ड काढणं परवडतं काय?

आठवड्यात तीन-चार दिवस जात असाल तर काढाच. एकदा पैसे भरले की गेटवर टेकवायचं आणि पुढे जायचं. भाड्यातही सूट मिळते. विद्यार्थ्यांच्या महाकार्डावर ३० टक्के सवलत आहे. त्यासाठी शाळा-कॉलेजचं ओळखपत्र घेऊन स्टेशनवरच्या ग्राहक सेवा खिडकीवर जावं लागतं. जूनमध्ये कॉलेजं उघडली की तिथे रांग लागते, म्हणून प्रवेश पक्का झाला की लगेच उरकून घ्या.

दोघांनी मिळून एकच कार्ड वापरता येत नाही. ज्याने आत टेकवलं त्यानेच बाहेर टेकवायचं. 'भावाने पुढे जाऊन कार्ड मागे फेकलं' हा प्रयोग करून झालेला आहे. गेट उघडलं नाही.

४. पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता?

पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास शेवटच्या गाड्या टोकाच्या स्टेशनांवरून निघतात. ऑफिसच्या वेळी साधारण दहा मिनिटांनी गाडी मिळते, दुपारी थोडी उशिरा.

यातली गोम अशी की 'रात्री दहा' ही टोकाच्या स्टेशनची वेळ आहे. बर्डीला बदलायचं असेल तर दोन शेवटच्या गाड्यांचा मेळ बसला पाहिजे. पहिली गाडी मिळाली आणि दुसरी चुकली, असं माझंही झालं आहे. तेव्हापासून रात्री नऊनंतर निघणार असेन तर स्टेशनवरच्या माणसाला विचारतो, 'लोकमान्य नगरची शेवटची मिळेल ना?' ते लोक बरोबर सांगतात.

५. मेट्रो चांगली आहे हो, पण स्टेशनापर्यंत जायचं कसं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. माझ्या मते नागपूरच्या मेट्रोचा खरा प्रश्नही हाच आहे. गाडी वेळेवर येते, आत थंड असते, बर्डीला पंधरा-वीस मिनिटांत सोडते. प्रवास बिघडतो तो घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस या दोन तुकड्यांत.

माझं घर स्टेशनापासून दीड किलोमीटर आत. सुरुवातीला मी गाडी म्हणजे आपली ॲक्टिवा स्टेशनखाली लावायचो. मे महिन्यात संध्याकाळी परत आलं की सीटवर बसवत नसे. मग शेअर ऑटो धरला. सकाळी तो मिळतो, कारण चौकात भरभरून निघतो. संध्याकाळी सातला मात्र 'भरू द्या साहेब' म्हणत दहा मिनिटं उभा राहतो. जेवढा वेळ मेट्रोने वाचवला तेवढा त्या ऑटोत गेला. आता मी चालतो, पावसाळ्यात ई-रिक्षा करतो.

लोकांच्या अनुभवातून जे जमलेलं दिसतं ते असं. दीड किलोमीटरच्या आत घर असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालणं सगळ्यात भरवशाचं. महापालिकेची 'आपली बस' तुमच्या चौकातून जात असेल तर एक आठवडाभर तिची खरी वेळ टिपून ठेवा. पाटीवरच्या वेळेपेक्षा ती उपयोगी पडते. एकाच वस्तीतले तिघे-चौघे असाल तर एक ई-रिक्षावाला महिन्यावर ठरवा. आमच्या शेजारच्या तीन बँकवाल्या बायकांनी तसं केलं आहे, आणि त्यांची मेट्रो मी कधी चुकलेली पाहिली नाही. शेवटचा उपाय सायकल, त्यासाठी प्र. ६ पाहा.

सुधारणा काय हवी असं कोणी विचारलं तर मी नव्या डब्यांची मागणी करणार नाही. स्टेशनाच्या दाराला लागून बस थांबावी, दारासमोरचा फुटपाथ सलग असावा आणि त्यावर पाणीपुरी नसावी, एवढंच मागेन. पाणीपुरीवर माझा राग नाही, ती दहा फूट बाजूला असावी.

६. सायकल आत नेऊ देतात काय?

देतात, आणि वेगळे पैसे पडत नाहीत. लिफ्टने वर न्या. सरकत्या जिन्यावर सायकल चढवू नका, ते मागच्या माणसासाठी धोक्याचं आहे. गाडी फक्त तीन डब्यांची आहे, त्यामुळे सकाळी साडेनऊला सायकल घेऊन शिरलात तर लोकांच्या कपाळावर आठ्या पडतील. सकाळी लवकर जाणारे कॉलेजचे विद्यार्थी आणि कारखान्यातल्या पहिल्या पाळीचे कामगार यांनाच ही सोय सगळ्यात जास्त मानवते.

७. दुपारी गाडी इतकी रिकामी काहून असते?

कारण दुपारी नागपूरच घरात असतं. एप्रिल-मे मध्ये बारा ते चार या वेळात बर्डीचा बाजारसुद्धा सुस्तावतो. दुपारी दोनच्या गाडीचा फोटो काढून 'बघा, पांढरा हत्ती' म्हणणाऱ्यांनी सकाळी सव्वानऊला लोकमान्य नगरहून येणाऱ्या गाडीत चढून दाखवावं. शंकर नगर येईपर्यंत उभं राहायलाही कोपर सांभाळावं लागतं.

तरीही तक्रारीत तथ्य आहे. मेट्रोचे दोन मार्ग चार दिशांना जातात, पण मानेवाडा, हुडकेश्वर, नंदनवन, गोधनी या बाजूंच्या लोकांना स्टेशनच जवळ नाही. त्यांनी आधी चार-पाच किलोमीटर गाडी चालवायची आणि मग मेट्रोत बसायचं, हे गणित कोणाला पटणार? पुन्हा प्र. ५ वरच येतो आपण.

८. वर्धा रोडच्या स्टेशनांवर इतकं वर काहून चढावं लागतं?

कारण मेट्रो तिथे दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली जुना वर्धा रोड, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचे रूळ, सगळं एकाच रांगेतल्या खांबांवर. हा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल २०२२ मध्ये गिनीज बुकात गेला. छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही स्टेशनं याच पुलावर आहेत. वेगवेगळे खांब उभारले असते तर तेवढी जागा आणखी लागली असती, आणि वर्धा रोडवर ती नव्हती.

कामठी रोडवरही असाच दुमजली पूल आहे. एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक असा तो उड्डाणपूल ऑक्टोबर २०२४ मध्ये वाहनांसाठी उघडला. गड्डीगोदामच्या गुरुद्वाऱ्याजवळ तर चार थर आहेत: खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर आपण. खिडकीतून खाली दक्षिणेकडे जाणारी एक्स्प्रेस दिसली की गाडीतली पोरं अजूनही ओरडतात. मीही मान वळवतोच.

गुडघे दुखत असतील तर लिफ्ट शोधा, प्रत्येक स्टेशनवर आहे. ती बहुधा जिन्याच्या मागच्या बाजूला असते, म्हणून नव्या माणसाला चटकन सापडत नाही. रस्त्याच्या कोणत्या बाजूला उतरायचं हे वरच, गेटमधून बाहेर पडल्यावर ठरवा. खाली येऊन वर्धा रोड ओलांडण्यात शहाणपण नाही.

९. विमान पकडायचं आहे. एअरपोर्ट, एअरपोर्ट साऊथ की न्यू एअरपोर्ट?

एअरपोर्ट. बाकी दोन नावांना फसू नका. 'न्यू एअरपोर्ट' हे मिहान या औद्योगिक प्रकल्पाच्या बाजूचं स्टेशन आहे आणि आजची विमानं तिथून उडत नाहीत. माझा एक मित्र 'न्यू म्हणजे नवीन, म्हणजे चांगलं' असा विचार करून तिथे उतरला. बाहेर मोकळं माळरान आणि एक कुत्रं. विमान मिळालं त्याला, पण कॅबवाल्याने जे मागितलं ते देऊन.

एअरपोर्ट स्टेशनही टर्मिनलच्या दारात नाही. स्टेशन वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आत. बॅग हलकी असेल तरच चाला, नाहीतर खालून रिक्षा करा. ती दहा-पंधरा मिनिटं जास्तीची धरून घरून निघा.

१०. वर्ध्याहून रोज रेल्वेने अप-डाऊन करतो. माझा पास मेट्रोत चालेल काय? आणि अजनीला उतरलो तर कोणतं स्टेशन?

पास चालत नाही. भारतीय रेल्वेची एमएसटी, म्हणजे महिन्याचा पास, वेगळी, मेट्रोचं तिकीट वेगळं. एकच कार्ड दोन्हीकडे चालावं ही पासधारकांची जुनी इच्छा आहे आणि ती रास्तच आहे. वर्धा-नागपूर सुमारे ८० किलोमीटर रोज जाणाऱ्या माणसाला शेवटच्या चार किलोमीटरसाठी दुसऱ्या रांगेत उभं करणं बरं नव्हे.

अजनीचं उत्तर नीट वाचा, कारण इथे दर आठवड्याला कोणीतरी चुकतं. 'अजनी चौक' नावाचं मेट्रो स्टेशन आहे, पण ते वर्धा रोडवरच्या अजनी चौकात आहे. अजनी रेल्वे स्टेशनहून जवळचं मेट्रो स्टेशन काँग्रेस नगर. तिथून बर्डी, कस्तुरचंद पार्क, इंदोरा या बाजूला थेट ऑरेंज लाईन मिळते.

नागपूरच्या मोठ्या स्टेशनला उतरलात तर संत्रा मार्केटच्या बाजूच्या दाराने बाहेर या, अ‍ॅक्वा लाईनचं 'नागपूर रेल्वे स्टेशन' त्या बाजूला आहे. पश्चिमेच्या मुख्य दाराने बाहेर पडलात तर उगाच वळसा पडतो. नागपूर आणि अजनी या दोन्ही स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ लाच झाली. बांधकाम असलं की वाटा बदलतात, म्हणून जिथे पत्रे ठोकलेले दिसतील तिथे हमालाला विचारा.

जाता जाता एमएसटीबद्दल दोन ओळी, कारण तेही विचारतात. साध्या पासावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. सुपरफास्ट गाडीसाठी पासावर जादा अधिभार भरलेला असावा लागतो. 'सगळेच बसतात' हे टीसीला सांगून उपयोग होत नाही.

११. मेयो, मेडिकल, एम्स या सरकारी दवाखान्यांपैकी कुठे मेट्रोने जाता येतं?

मेयोला दोसर वैश्य चौक स्टेशनवरून चालत जाता येतं. एम्स मिहानमध्ये आहे. खापरीला उतरून तिथून बस किंवा रिक्षा करावी लागते, पेशंट सोबत असेल तर रिक्षाच. मेडिकलला मात्र मेट्रो जात नाही. चालत जाण्याइतकं जवळ एकही स्टेशन नाही, म्हणून बर्डीला उतरून मोरभवन बसस्थानकावरून बस किंवा ऑटो धरा. चंद्रपूर-गडचिरोलीकडून येणारे पेशंट मेडिकलला सर्वांत जास्त जातात आणि त्यांनाच हा तुकडा बसने किंवा ऑटोने काढावा लागतो. पुढच्या आराखड्यात याचा विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

१२. हीच मेट्रो सरळ वर्धा, रामटेकपर्यंत काहून नेत नाहीत?

रुळांचं माप जुळत नाही. आपली मेट्रो स्टँडर्ड गेजवर चालते, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर. रेल्वेचा ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. मेट्रोची गाडी रेल्वेच्या रुळांवर चढूच शकत नाही. म्हणून वर्धा, नरखेड, रामटेक, भंडारा या बाजूंना रेल्वेच्याच रुळांवरून वेगळ्या वातानुकूलित गाड्या चालवायची 'ब्रॉडगेज मेट्रो'ची कल्पना पुढे आली आणि २०१८ मध्ये त्याचा करारही झाला. तोवर रामटेकचा माणूस इतवारीची पॅसेंजर धरतो आहे. इतवारी रेल्वे स्टेशनला लागून मेट्रो नाही, हेही त्याला कोणीतरी आधी सांगावं.

१३. कामठी, बुटीबोरी, हिंगण्याला मेट्रो कधी जाणार?

दुसऱ्या टप्प्यात. केंद्राने त्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. एकूण ४३.८ किलोमीटर आणि ३२ स्टेशनं. आताच्या चारही टोकांना शेपूट जोडायचं आहे: ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान, मिहान ते बुटीबोरी एमआयडीसी, लोकमान्य नगर ते हिंगणा, प्रजापती नगर ते ट्रान्सपोर्ट नगर. कामठीवाल्यांना ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहाराजवळ स्टेशन मिळेल. हिंगणा रोडला वानाडोंगरीची कॉलेजं आणि बुटीबोरीचे कारखाने जोडले गेले की प्र. ७ मधला रिकाम्या गाडीचा फोटो काढणं जरा कठीण जाईल. दरम्यान या रस्त्यांवर बांधकामाची धूळ खायची तयारी ठेवा. वर्धा रोडने ती २०१५ पासून कित्येक वर्षं खाल्ली आहे.

१४. उन्हाळ्यात फलाटावर उभं राहवतं काय?

गाडीत एसी आहे, फलाटावर नाही. वर छप्पर आहे आणि बाजू मोकळ्या, म्हणून सावली मिळते पण मे महिन्यातली लू तोंडावर येते. पारा ४५ च्या वर गेला की मी तिकीट तपासण्याच्या मजल्यावरच थांबतो आणि पाटीवर गाडी दोन मिनिटांवर दिसली की वर चढतो. डोक्याला दुपट्टा बांधलेला असतो तो गाडीत सोडू नका. घामेजल्या अंगावर थंड हवा लागून सर्दी धरणारे आमच्या डब्यात दर एप्रिलला दोघे-तिघे असतात.

१५. धम्मचक्र प्रवर्तन दिन, अधिवेशन, जामठ्याची मॅच अशा दिवशी मेट्रो धरावी की टाळावी?

तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत.

दीक्षाभूमीला येणाऱ्यांसाठी रहाटे कॉलनी स्टेशन सोयीचं आहे, तिथून चालत जाता येतं. दसऱ्याला गर्दी अफाट असते. रांगा शिस्तीत असतात, पण तिकिटाच्या रांगेत वेळ जातो. जाण्या-येण्याचं तिकीट आधीच मोबाइलवर काढून ठेवा आणि लहान मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका.

हिवाळी अधिवेशनात मेट्रो धरायचीच. डिसेंबरात मोर्चांमुळे विधान भवन, झिरो माईल, बर्डी या भागात रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. रस्त्यावर बस अडकून पडलेली असते आणि आपण तिच्या डोक्यावरून जातो. त्या दिवसांत मला मेट्रोचा मनापासून अभिमान वाटतो.

जामठ्याच्या मॅचला मेट्रो फक्त खापरीपर्यंत नेते. स्टेडियम पुढे आहे, तिथून बस. सामन्याच्या रात्री शेवटच्या गाडीची वेळ वाढवल्याचं अनेकदा झालं आहे, मात्र आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किती वाजेपर्यंत ते नक्की बघा. शेवटच्या ओव्हरला उठून पळणारे आणि निकाल लागेपर्यंत बसणारे, दोघेही एकाच वेळी खापरीला पोचतात हा माझा अनुभव.

१६. संक्रांतीच्या दिवसांत मेट्रोवाले पतंग उडवू नका म्हणतात. गाडी उंचावरून जाते, मांजाने काय होणार?

बरंच काही. आपल्या मेट्रोला वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा पुरवठा होतो. ओला मांजा किंवा धातूची भुकटी लावलेला मांजा वीज वाहून नेतो. तो तारेला टेकला आणि दुसरं टोक पोराच्या हातात असलं तर काय होईल ते सांगायला नको. नायलॉन मांजा तुटत नाही, तारेवरच्या यंत्रणेत अडकून बसतो आणि काढेपर्यंत गाड्या खोळंबतात. त्यावर बंदी आहेच, तरी जानेवारीत खांबांना लटकलेला दिसतोच. मार्गालगतच्या गच्चीवर राहत असाल तर पोरांना दुसऱ्या बाजूच्या मैदानात न्या. कटलेला पतंग रुळांवर पडला तर तो विसरायचा.

१७. गाडीत डबा उघडता येतो काय?

नाही. पाणी प्यायला हरकत नाही, खाणं नको. कस्तुरचंद पार्कला उतरून तर्री-पोहे खा आणि मग ऑफिसला जा. पार्सल घेऊन चढणाऱ्यांना एक विनंती: तर्रीची पिशवी घट्ट बांधा. मागच्या हिवाळ्यात एका गृहस्थांची पिशवी गड्डीगोदामच्या वळणावर सुटली आणि इंदोऱ्यापर्यंत अख्खा डबा भुकेला झाला.

१८. चितारओळीतून गणपती घेऊन मेट्रोने येता येतं काय?

मांडीवर मावेल एवढी मूर्ती असेल तर लोक आणतात, आणि चितारओळी चौकात स्टेशन झाल्यापासून ते सोपंही झालं आहे. सामान तपासणीच्या मशीनमधून मूर्ती जाऊ द्यायची नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला आधी सांगा, हुज्जत घालू नका. मोठी मूर्ती, मखर, ढोल-ताशा हे सगळं टेम्पोतच शोभतं. गणेश चतुर्थीच्या सकाळी नव्हे, आदल्या दुपारी जा. प्र. ७ मधली रिकामी गाडी तेव्हा कामाला येते.

१९. मुलगी क्लासवरून रात्री एकटी येते. मेट्रो सुरक्षित आहे काय?

गाडीत आणि स्टेशनवर कॅमेरे आहेत, पहारेकरी असतात आणि डब्यात चालकाशी बोलायचं बटण असतं. ते कुठे आहे हे एकदा तिच्यासोबत जाऊन दाखवा. माझी भाची दोन वर्षं शंकर नगरहून अशीच येत होती. तिला गाडीत कधी भीती वाटली नाही. स्टेशनच्या जिन्याखालून घराकडे वळणारा अंधारा पट्टा होता, तिथे वाटायची. माझे भाऊजी मग तेवढ्या तीनशे पावलांसाठी रोज रात्री पावणेनऊला खाली येऊन उभे राहायचे. आता तिथे दिवा लागला आहे. वस्तीतल्या बायकांनी वॉर्डात चार वेळा अर्ज दिला तेव्हा लागला.

२०. मेट्रोत वाढदिवस करता येतो हे खरं काय?

खरं आहे. 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' नावाने डबा भाड्याने मिळतो, पैसे आधी भरून वेळ ठरवावी लागते. मग प्र. १७ चा नियम कुठे गेला, असं एकाने विचारलं. तो राखीव डबा असतो हो. सकाळी सव्वानऊच्या गाडीत केक कापायला काढलात तर मेणबत्ती विझवायला फुंकर मारण्याएवढी जागा मिळणार नाही.